गल्लीचं काम गल्लीनं हाती घेताना: पहिल्या फेरीपासून देखभालीच्या वहीपर्यंत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचं एक बाकडं होतं. बसवलं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. दीडेक वर्षानं टेम्पोचा धक्का लागून त्याची एक कड निखळली, आतल्या सळईचं टोक बाहेर आलं आणि एका संध्याकाळी शेजारच्या आजींचं लुगडं त्यात अडकून त्या पडल्या. हे बाकडं दुरुस्त कोण करणार, हे विचारत पुढचे तीन महिने आम्ही फिरलो. बसवायला निधी होता, दुरुस्तीला नव्हता. शेवटी चौघांनी पैसे काढले, गवंडी बोलावला. साडेसहाशे रुपयांचं काम होतं.

गल्लीत एखादी गोष्ट नव्यानं मागायची असेल, तर ती नंतर कोण सांभाळणार हे आधी ठरवायचं, हे आम्ही त्या बाकड्यापासून शिकलो. गेली नऊ वर्षं आम्ही साधारण साडेतीनशे घरांच्या भागात काम करतो आहोत. त्यात वाडे आहेत, सोसायट्या आहेत, मागच्या बाजूला पत्र्याच्या घरांची छोटी वस्ती आहे. तुमच्या भागात असं काही सुरू करायचं मनात असेल, तर आम्ही ज्या क्रमानं गेलो तो इथे मांडतो. जिथे चुकलो तेही सांगतो, कारण त्या चुका टाळता येण्यासारख्या होत्या.

पहिलं पाऊल: तीन वेळांची फेरी

पहिले पंधरा दिवस सभा घेऊ नका, मागण्यांची यादीही करू नका. दोघंतिघं मिळून गल्लीतून तीन वेळा फिरा. एकदा सकाळी घंटागाडी येते तेव्हा, एकदा दुपारी शाळा सुटते तेव्हा आणि एकदा रात्री साडेनऊ-दहाला. गल्ली एकच, पण तिन्ही वेळी ती वेगळी दिसते. सकाळी मोकळा वाटणारा कोपरा दुपारी स्कूलव्हॅननं बंद झालेला असतो.

रात्रीच्या फेरीत बायका आणि कॉलेजच्या मुली असल्याच पाहिजेत. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही चार पुरुष होतो. बंद पडलेले दोन दिवे टिपले आणि घरी आलो. दुसऱ्या फेरीत सहा जणी आल्या आणि त्यांनी पाच जागा दाखवल्या. त्यातल्या तीन ठिकाणी दिवा चालू होता. एका जागी गुलमोहराच्या फांद्या दिव्याखाली आल्या होत्या, त्यामुळे उजेड झाडावर आणि अंधार रस्त्यावर. दुसऱ्या जागी रात्री तीन टेम्पो ओळीनं लागतात आणि भिंत व टेम्पो यांच्यामधल्या हातभर वाटेनं जावं लागतं. तिसऱ्या जागी रिकाम्या गाळ्याच्या पायरीवर बसणाऱ्या टोळक्याची भीती होती. त्या जणी आल्या नसत्या तर या तिन्ही जागी ‘दिवाबत्ती सुरळीत’ असा शेरा मारून आम्ही मोकळे झालो असतो.

फेरीत जे दिसलं ते मोठ्या ड्रॉइंग शीटवर हातानं काढा. फोनवरचा नकाशा सोयीचा असतो, पण ऐंशी वर्षांचे काका त्यावर बोट ठेवून सांगू शकत नाहीत. कागदावर विजेचे खांब त्यांच्या नंबरांसह दाखवा, कारण तक्रारीत खांबाचा नंबर दिला तर वायरमन नेमका तिथे येतो. ड्रेनेजची चेंबरं, पावसाळी गटाराच्या जाळ्या, झाडं, सार्वजनिक नळ, डीपी (विजेची वितरणपेटी) आणि पाऊस पडल्यावर पाणी साचतं त्या जागा, हे सगळं त्यावर येऊ द्या. मग तो कागद घेऊन जुन्या माणसांकडे जा. आमच्याकडे एका वळणावर दरवर्षी गुडघाभर पाणी साचायचं आणि दर दोन वर्षांनी तिथे रस्ता उकरला जायचा. एका आजोबांनी कागदावर बोट फिरवून सांगितलं, “इथनं ओढा होता. आम्ही पोहायला शिकलो त्यात.” ओढा बुजला होता, पण पाण्याचा उतार तसाच होता. पुढे अभियंत्यांशी बोलताना या माहितीचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला.

दुसरं पाऊल: माणसं मोजताना कोण राहून जातं

बहुतेक ठिकाणी सुरुवात सोसायट्यांच्या चेअरमनना फोन करून होते. आम्हीही तेच केलं. त्यामुळे भाडेकरू सुटले, खानावळीत जेवणारी मुलं सुटली, वाड्यातली चार बिऱ्हाडं सुटली, जिन्याखाली राहणारं वॉचमनचं कुटुंब सुटलं. वस्तीतल्या लोकांना तर आम्ही दोन वर्षं बोलावलंच नाही. ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणून घरोघर जा. प्रश्नावली लांबलचक नको. दोनच गोष्टी विचारा: इथे रोज कशाचा त्रास होतो, आणि त्यासाठी आठवड्यातला एखादा तास देता येईल का. दुसरा प्रश्न गाळू नका. तो विचारला नाही, तर लोक तक्रार सांगून दार लावतात आणि तुमच्या हातात दुसऱ्यांच्या अपेक्षांचं ओझं उरतं. इस्त्रीवाले, किराणा दुकानदार, पेपर टाकणारी मुलं, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी यांनाही विचारा. त्यांचं घर गल्लीत नसेल, पण दिवसातले सहा-आठ तास ते इथेच असतात. आमच्या इस्त्रीवाल्या भाऊंना कोणता दिवा किती वाजता बंद पडतो, हे तोंडपाठ आहे.

यातून सहा-सात जणांचा गट आपोआप पुढे येतो. त्यात निम्म्या तरी बायका असाव्यात. दुपारी मोकळा असणारा एक निवृत्त माणूस हवा, कारण पालिकेची कार्यालयं आपण नोकरीवर असताना उघडी असतात. मुद्देसूद पत्र लिहिणारं कुणीतरी हवं. एक दुकानदार, एक भाडेकरू, वस्तीतलं कुणीतरी हवं. राजकीय पक्षाचे पदाधिकारी शेजारी म्हणून जरूर असावेत, त्यांची मदतही घ्यावी, मात्र या छोट्या गटात त्यांना घेऊ नये. एका पक्षाचा शिक्का बसला की गल्लीतली अर्धी दारं बंद होतात.

तिसरं पाऊल: पहिलं काम लहान आणि डोळ्यांसमोरचं

पहिलं काम महिन्याभरात संपेल आणि येता-जाता दिसेल असं निवडा. उद्यान, अभ्यासिका, सांस्कृतिक भवन ही कामं पहिल्या वर्षी तोंडातही काढू नका. आमचं पहिलं काम होतं डीपीशेजारचा कचऱ्याचा ढीग. पालिकेच्या भाषेत अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, आणि बहुतेक प्रत्येक भागात एक तरी असतोच.

लोक अशा जागी देवादिकांच्या फरशा लावतात, दंडाचे फलक लावतात, कुंड्या ठेवतात. आम्हीही एका रविवारी जागा धुतली, रांगोळी काढली, फोटो काढले. मंगळवारी पहाटे ढीग पुन्हा होता. तेव्हा आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या की आधी टाकतंय कोण ते तरी बघू. तीन दिवस पहाटे पाच ते आठ या वेळात आळीपाळीनं दोघं जण समोरच्या ओट्यावर चहाचा थर्मास घेऊन बसले. कुणाला हटकायचं नाही, फोटो काढायचा नाही, फक्त बघायचं आणि टिपायचं.

जे दिसलं त्यानं आमचे अंदाज खोटे ठरले. आमचा संशय वस्तीवर होता. पण वस्तीतून आलेल्या पिशव्या मोजक्याच होत्या. जास्त पिशव्या होत्या त्या पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांच्या: रुग्णालयातल्या दोन सिस्टर, कंपनीच्या बसला निघालेले सहा-सात जण, स्टेशनकडे जाणारा एक मुलगा. घंटागाडी यायची पावणेनऊला, आणि ही सगळी माणसं सहालाच घर सोडून निघालेली. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसानं रात्रीचं खरकटं संध्याकाळपर्यंत कुठे ठेवायचं? बाकीचा कचरा बाहेरून यायचा, दुचाकीवरून, न थांबता फेकलेला.

यावरचा उपाय अगदी साधा निघाला. पहाटे जाणाऱ्या अकरा घरांचे डबे कोणत्या शेजाऱ्यांनी गाडीत द्यायचे, याच्या जोड्या लावल्या. घंटागाडीच्या मुकादमांना भेटून आमच्या टोकाची फेरी आधी घेता येईल का विचारलं. त्यांनी गाडी अर्धा तास आधी आणायला सुरुवात केली. त्यासाठी अर्ज लागला नाही, फक्त त्यांच्या कोठीवर, म्हणजे सफाई कामगार हजेरीला जमतात तिथे, सकाळी जाऊन नीट बोलावं लागलं. दुचाकीवाल्यांसाठी ती जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तिथे भाजीवाल्या मावशींची गाडी उभी राहायला लागली. माणसांचा वावर असलेल्या जागी पिशवी फेकायला हात धजत नाही. सात आठवडे लागले. मधे दोनदा ढीग परत आला. दोन्ही वेळा त्याच दिवशी उचलला, कारण एक पिशवी रात्रभर राहिली की सकाळी तिच्या शेजारी दहा असतात.

ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा मुद्दा यानंतरच काढा. आणि तो काढताना कचरावेचकांना विचारून काढा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे आणि तिच्यातूनच निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. संस्थेच्या मालक वेचक स्वतःच आहेत. कोणतं प्लॅस्टिक विकलं जातं, काय फुकट जातं, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून खूण का करायची, हे त्या जितक्या नेमकेपणानं सांगतात तितकं कोणतंही पत्रक सांगत नाही.

चौथं पाऊल: बैठक

रात्री साडेआठची बैठक ठेवली तर स्वयंपाकघरातली माणसं येणार नाहीत. आम्ही रविवारी सकाळी साडेदहा आणि महिन्यातून एकदा बुधवारी दुपारी चार, अशा दोन वेळा ठेवतो. जागा कुणाच्या हॉलमध्ये नको, मोकळ्या जागेत सतरंजी घालावी. एखाद्याच्या घरी बैठक झाली की वस्तीतली माणसं उंबऱ्याशीच थांबतात, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

निर्णय कसा घ्यायचा याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा अनेकांनी ऐकलेली असते. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं त्या गावानं दोन गोष्टी रुजवल्या. एक म्हणजे अभ्यासगट: विषय आधी निवांत समजून घ्यायचा, त्यात निर्णय घ्यायचा नाही. दुसरी म्हणजे ग्रामसभेत सर्वसहमती: मतदान घेऊन अल्पमताला हरवायचं नाही, एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांचा हा सराव होता.

शहरातल्या गल्लीत शंभर टक्के सहमती प्रत्येक वेळी होत नाही. तरी आम्ही इतकं करतो: ज्या कामामुळे कुणाच्या दारासमोर बदल होणार आहे, त्या घराचा होकार असल्याशिवाय काम सुरू करत नाही. बाकडं, दिवा, गतिरोधक, कट्टा, काहीही असो. दोनदा यामुळे काम चार महिने लांबलं. पण पूर्ण झालेलं एकही काम नंतर कुणी उखडलं नाही.

इतिवृत्त त्याच दिवशी लिहा. कोण आलं होतं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि एक प्रत किराणा दुकानाच्या भिंतीवर चिकटवा. ग्रुपवर वाद सुरू झाला तर उत्तर देत बसू नका. ज्याचा मुद्दा आहे त्याच्या घरी जा, चहा घ्या, बोला. टाइप केलेला राग समोरासमोर बसल्यावर अर्धा होतो.

पाचवं पाऊल: पालिकेत कसं जायचं

इथे जरा थांबून सांगतो, कारण चांगली माणसं इथेच दमतात.

एका पत्रात एकच विषय लिहा. दिवा, ड्रेनेज आणि झाड तिन्ही एका पत्रात घातलं, तर ते पत्र तीन विभागांच्या मधोमध कुठेतरी पडून राहतं. पत्रात जागा नेमकी सांगा (खांब नंबर, घराचा नंबर, जवळची खूण), त्रास किती दिवसांचा आहे ते लिहा, दोन छायाचित्रं जोडा आणि खाली तीस-चाळीस सह्या घ्या. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या कामाचा जन्मदाखला समजा. ॲपवर तक्रार केली असेल तर तिचा क्रमांकही पत्रात लिहा. प्रश्न न सोडवता तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केली, असं आमच्या बाबतीत झालं आहे. तेव्हा जुना क्रमांक आणि त्या दिवशीचं छायाचित्र जोडूनच आम्ही ती पुन्हा उघडायला लावली.

कनिष्ठ अभियंता हा माणूस तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्याच्याकडे अनेक गल्ल्या असतात आणि दिवसभर लोक त्याच्यावर ओरडत असतात. आम्ही पहिल्यांदा गेलो ते नकाशा घेऊन. बुजलेल्या ओढ्याचा उतार दाखवला, साचलेल्या पाण्याच्या तीन पावसाळ्यांच्या तारखा दाखवल्या. साहेब खुर्चीतून उठून आमच्याबरोबर जागेवर आले. रस्ता पुन्हा करण्याऐवजी पावसाळी वाहिनीची जाळी आठ फूट उताराकडे सरकवायचं ठरलं. त्या वळणावर त्यानंतर गुडघाभर पाणी साचलेलं नाही.

कायद्यानं मिळालेल्या काही जागा रहिवाशांना माहीतच नसतात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्रभाग समितीवर नगरसेवकांबरोबरच स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. तुमच्या प्रभागात त्या जागा भरल्या आहेत का, कोणाच्या नावानं भरल्या आहेत, हे विचारा. गावाला ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा असावी, अशीही तरतूद या कायद्यात आहे. ती घेतली जात नसेल तर ती घ्या, असं लेखी मागा.

मुंबई वगळता आपल्या बहुतेक महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत, सहसा चार नगरसेवकांचे. त्यामुळे तुमची गल्ली नेमकी कुणाची, हे धूसर राहतं. चौघांना एकाच मजकुराचं, एकाच तारखेचं पत्र द्या आणि प्रत्येक पत्रावर बाकी तिघांची नावं प्रत म्हणून टाका. कुणाला आधी, कुणाला नंतर, असा प्रश्नच उरत नाही.

अंदाजपत्रकाचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही वाट पाडली. पुणे महापालिकेनं ती २००६ मध्ये आपल्याकडे आणली. पुण्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात सूचना मागवल्या जातात. पदपथ, दिवे, बसथांबे, ड्रेनेज अशी ५ लाख रुपयांपर्यंतची कामं नागरिक सुचवू शकतात. तुमच्या शहरात अशी सोय नसली तरी विभाग आपापल्या मागण्या दिवाळीच्या आसपास गोळा करायला लागतात. मार्चमध्ये नेलेलं पत्र बहुधा पुढच्या वर्षावर ढकललं जातं. मार्चअखेर दिसतो तो कामांचा सपाटा आधीच मंजूर झालेल्या पैशांचा असतो. त्या पंधरा दिवसांत गल्लीत फेरी वाढवा, कारण घाईत चांगल्या फरशा उखडून नव्या टाकल्या जातात आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं जातं. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायला तिथल्या तिथे सांगा. नंतर ते फोडणं फार अवघड जातं.

काम चालू असताना किंवा झाल्यावर माहिती अधिकार वापरा. २००५ च्या कायद्यात फक्त कागद मागण्याचा हक्क नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. महाराष्ट्रात अर्जासाठी १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं आणि दोषदायित्व कालावधी, एवढंच मागा. शेवटची गोष्ट फार उपयोगी पडते. त्या कालावधीत रस्ता उखडला, फरशी खचली, तर ठेकेदारानं ती स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची असते. आमच्याकडे प्रत्येक कामाची ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर आहे.

सहावं पाऊल: पैसा

पहिलं वर्ष बिनपैशाचं जाऊ द्या. पुढे वर्गणी लागलीच तर रकमेपेक्षा पावती महत्त्वाची, दहा रुपयांचीसुद्धा. हिशेब दर महिन्याला दुकानाच्या भिंतीवर लावा. नियमित पैसा येऊ लागला की संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. बँकखात्यावर दोन सह्या ठेवा आणि त्या दोघांची घरं वेगळी असावीत. जाहीर वर्गणी काढणार असाल तर, गणेश मंडळं घेतात तशी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्या.

खासदारांना दरवर्षी ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारांचाही असतो, नगरसेवकांकडेही तरतूद असते. हा पैसा जरूर मागा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की तो मुख्यतः टिकाऊ बांधकामासाठी असतो. अभ्यासिकेची खोली मिळेल, तिची चावी सांभाळणाऱ्याचा पगार त्यातून मिळणार नाही.

पुण्यातल्या सार्वजनिक शौचालयांच्या कामाकडे मी म्हणूनच वारंवार परत जातो. १९९९ ते २००१ या काळात रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना सुरू झालेल्या या कार्यक्रमात वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक शौचालयं उभी राहिली. बांधणी आणि देखभाल स्वयंसेवी संस्थांकडे सोपवली होती. त्यातल्या ‘स्पार्क’ आणि ‘महिला मिलन’ यांनी वस्तीतल्या बायकांना आराखड्यातच सामील करून घेतलं. त्यातून मुलांसाठी वेगळी, लहान मापाची सोय आली, आणि देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबाला राहायची खोली त्याच इमारतीत आली. खर्चाची सोय होती कुटुंबामागे मासिक पासाची. म्हणजे फरशी बसण्याआधीच झाडू कुणाच्या हातात असेल आणि त्याचं पोट कशावर चालेल, हे ठरलेलं होतं. गल्लीतल्या कोणत्याही बांधकामाचा प्रस्ताव याच पद्धतीनं लिहा.

कुणाला हटवून नाही

गल्ली नीटनेटकी करण्याच्या उत्साहात पहिला मोर्चा फेरीवाल्यांवर निघतो. आमच्या ग्रुपवरही निघाला होता. तेव्हा भाजीवाल्या मावशींची बाजू घेऊन बोलले ते रात्रपाळीचे वॉचमन. रात्री दहापर्यंत त्या कोपऱ्यावर उजेड आणि माणसं असतात ती मावशींमुळे, असं त्यांनी सांगितलं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही. पण कायद्याच्याही आधी मला ही माणुसकीची बाब वाटते. गल्ली सुधारली आणि वीस वर्षं तिथे पोट भरणारा माणूस बाहेर गेला, तर ती सुधारणा मला नको आहे. गाड्या कुठे उभ्या राहतील, साडेनऊनंतर जागा कोण झाडेल, पाणी कुठे टाकलं जाईल, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटांत ठरलं.

भाड्यांबाबतही असंच सावध राहा. रस्ता चांगला झाला, उजेड आला, की घरमालक भाडं वाढवतात. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आम्ही निदान एवढं करतो की भाडेकरूंना बैठकीत बरोबरीची जागा देतो आणि घरमालकांशी या विषयावर उघडपणे बोलतो.

सातवं पाऊल: देखभालीची वही आणि वर्षाचा फेरा

मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. त्यातूनच महापालिकेच्या ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या पद्धतीला सुरुवात झाली, जी एएलएम नावानं ओळखली जाते. गल्लीची समिती वॉर्ड ऑफिसात नोंदवायची आणि समिती व पालिका दोघांनी मिळून परिसर सांभाळायचा, अशी ती कल्पना. शहरभर शेकडो गट उभे राहिले. त्यातले बरेच पुढे थंडावले. माझ्या माहितीतल्या अशा तीन-चार गटांची गोष्ट एकसारखीच आहे: सगळं एका तळमळीच्या माणसावर उभं होतं आणि तो माणूस थकला, आजारी पडला किंवा मुलाकडे राहायला गेला.

म्हणून वही ठेवा. साधी, लांबट, दोनशे पानी. एका कामाला एक पान: काय केलं, कधी, कुणाच्या पैशानं, ठेकेदार कोण, दोषदायित्व कधी संपतं, सांभाळणारं घर कोणतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं वही घेऊन फेरी मारतात आणि प्रत्येक पानावर तारीख व शेरा लिहितात. जाळी तुटली, दिवा गेला, आळ्यातलं रोप वाळलं. वाळलं तर वाळलं असंच लिहायचं.

वर्ष साधारण असं जातं. एप्रिल-मेमध्ये पावसाळी गटारांची सफाई, आणि काढलेला गाळ काठावरून उचलला जातोय का यावर लक्ष, नाहीतर पहिल्या सरीत तो परत आत जातो. जूनमध्ये झाडं, तीही जितकी जगवता येतील तितकीच. आमचा नियम असा की ज्याच्या घरातून पाण्याची बादली जाणार त्याच्याच नावानं रोप. फांद्या आम्ही स्वतः कधी छाटत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतो. त्या गुलमोहराची छाटणी अशीच रीतसर झाली आणि दिव्याचा उजेड रस्त्यावर आला. गणपतीत मंडळाच्या मांडवाला खड्डे खणले जातात, विसर्जनानंतर ते बुजवून घेण्याचं काम मंडळाच्याच पोरांनी स्वतःकडे घेतलं आहे. पावसाळा सरताना अंदाजपत्रकाच्या सूचना. दिवाळीनंतर अभियंत्यांबरोबर एक फेरी. जानेवारीत हळदीकुंकवाला बायकांची रात्रीची फेरी पुन्हा, तोच जुना नकाशा हातात घेऊन, नवीन जागांवर लाल खूण करत. मग मार्च.

वही आता दर दोन वर्षांनी हात बदलते. पहिली चार वर्षं ती माझ्याकडे होती आणि सोडताना मला जड गेलं. गेल्या वर्षीपासून ती वस्तीतल्या एका मुलीकडे आहे. ती नर्सिंग शिकते आणि पहाटे सहाला घराबाहेर पडते. तिनं पहिल्याच महिन्यात वहीला एक नवीन रकाना जोडला: काम झाल्यावर त्याचा त्रास कुणाला होतो. त्या रकान्यात सध्या दोन नोंदी आहेत. नवा दिवा तळमजल्यावरच्या एका काकूंच्या झोपण्याच्या खिडकीत थेट येतो. आणि गतिरोधकाजवळ पाणी अडतं. दिव्याला पत्र्याची झडप बसवण्यासाठी वायरमनशी बोलणं झालं आहे. गतिरोधकासाठी येत्या बुधवारी चार वाजता सतरंजी घालणार आहोत.